तुमच्या ओठावरची पुळी, भावाच्या तोंडातली जखम

पत्र : मी ३६ वर्षांची आहे, नाशिकला इंदिरानगरात राहते. माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. धाकट्या भावाला दोन वर्षांपूर्वी रक्ताचा कॅन्सर निघाला. अडीच महिन्यांपूर्वी मुंबईत त्याचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं. मॅरो थोरल्या भावाने दिली. केमोच्या दिवसांत तो माझ्याकडेच राहायला होता. आता तीन आठवडे झाले, टाळूला आणि ओठाच्या आतून जखमा आहेत, पाणीसुद्धा गिळवत नाही. आधी गोळ्या, मग सलाईनमधून अ‍ॅसायक्लोव्हिर झालं, तरी जखमा पसरतच गेल्या. डॉक्टर म्हणाले, हा हर्पिस आहे आणि विषाणू औषधाला रेझिस्टंट झालाय. आता फॉस्कारनेट नावाचं औषध सुरू केलंय. मला शाळेत असल्यापासून वर्षातून दोन-तीनदा ओठावर पुळ्या येतात. दर वेळी मेडिकलमधून अ‍ॅसायक्लोव्हिरचं मलम आणून लावते. माझ्याच ओठावर विषाणू औषधाला सरावला आणि माझ्याकडून त्याला गेला, हे डोक्यातून जात नाही. घरात कुणाला बोलले नाही. माझा पाण्याचा पेला वेगळा केलाय, त्याला लाल दोरा बांधून ठेवलाय. बाबा म्हणतात, द्राक्षावरच्या डावनी बुरशीचं होतं तसंच झालं, एकच औषध सारखं मारलं की ते लागू पडत नाही. माझ्यामुळे झालं का? आणि तो घरी आल्यावर मी त्याच्याजवळ जायचं की नाही? बाबांना यंदाच्या पहिल्या तोडीची पेटी त्याच्यासाठी मुंबईला न्यायची आहे.

उत्तर :

ताई, नाही. तुमच्यामुळे झालेलं नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. या विषाणूची आणि या औषधाची घडणच अशी आहे की तुम्ही मनात जुळवलेली साखळी त्यात बसत नाही. का बसत नाही ते सविस्तर सांगते, म्हणजे रात्री पुन्हा तोच विचार आला तर माझ्या शब्दावर नाही, कारणांवर विसंबता येईल.

ओठावर पुळ्या आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू, त्यातला पहिला प्रकार, बहुतेकांना लहानपणीच मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या दर शंभर माणसांपैकी साधारण ६४ जणांच्या अंगात तो असतो. लाळेतून येतो. कुणी पापा घेतला, कुणी आपल्या तोंडातला घास भरवला, झालं. पुळी दिसत नसतानाही तो अधूनमधून लाळेत उतरतो. तेव्हा तुमच्या भावाला तो आजीकडून मिळाला, आईकडून, तुमच्याकडून की बालवाडीतल्या एखाद्या मुलाकडून, हे आज कुणीही सांगू शकणार नाही. समजा, पंचवीस वर्षांपूर्वी तुमच्याकडूनच मिळाला असेल. तरी तो तेव्हा साधा, औषधाला दाद देणारा विषाणू होता. जो बदल झाला तो अलीकडे झाला, आणि त्याच्या शरीरात झाला.

एकदा शिरल्यावर हा विषाणू ओठावर राहत नाही. कानाच्या पुढे, कवटीच्या तळाशी, चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची एक गाठ आहे. तिथे जाऊन तो निजतो, आयुष्यभरासाठी. ताप आला, उन्हात फिरणं झालं, जागरण झालं, पाळी आली, की त्यातला थोडा जागा होतो, मज्जातंतूवरून ओठापर्यंत उतरतो आणि पुळ्या उठतात. तुम्ही मलम लावता ते ओठावर. मलम त्या गाठीपर्यंत पोहोचत नाही. झोपलेल्या विषाणूचा मूळ साठा तुमच्या मलमाला कधी भेटलेलाच नाही, मग तो सरावणार कसा? दर वेळी पुळी उठते ती त्याच जुन्या साठ्यातून. ओठावरचा विषाणू पुळी वाळली की संपतो. ब्रिटनमध्ये हे मलम १९९३ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतं, लाखो लोक लावतात. पुढे तिथे मुद्दाम तपासण्या झाल्या, तेव्हा सुदृढ माणसांत रेझिस्टंट विषाणू वाढल्याचं आढळलं नाही. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसांत त्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत आहे, आणि औषध वापरात येऊन चाळीस वर्षं झाली तरी ते तिथेच आहे.

आता तुमच्या भावाच्या तोंडात काय झालं ते बघू.

अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध शरीरात जातं ते बंद पाकिटासारखं. ते पाकीट फोडायची कात्री आपल्या पेशींकडे जवळजवळ नसते, ती विषाणूकडे असते. थायमिडिन कायनेज नावाचं हे विषाणूचं स्वतःचं विकर, म्हणजे एन्झाइम. म्हणून निरोगी पेशीत औषध पडून राहतं, आणि विषाणू शिरलेल्या पेशीत विषाणू स्वतःच्या हाताने ते उघडतो. पुढची थोडी जुळणी आपल्या पेशी करतात आणि तयार झालेला पदार्थ विषाणूच्या डीएनएच्या साखळीत कडी म्हणून जाऊन बसतो. या कडीला पुढची कडी अडकवायला जागाच नसते. साखळी तिथेच थांबते.

मी शिकत असताना हे पहिल्यांदा समजलं, तेव्हा वही बाजूला ठेवून नुसती बसून राहिले होते. हे औषध गर्ट्रूड एलियन यांच्या गटाचं काम. त्या पंधरा वर्षांच्या असताना आजोबा कॅन्सरने गेले आणि त्यांनी या कामाला वाहून घ्यायचं ठरवलं. डॉक्टरेट पदवी नसतानाही १९८८चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये आजही दिली जाणारी मर्कॅप्टोप्युरीन ही गोळीसुद्धा त्यांच्याच प्रयोगशाळेतली. भावाची जुनी फाइल उघडून पाहा, कदाचित तिच्यात दोन्ही नावं सापडतील.

विषाणू भराभर स्वतःच्या नकला काढतो आणि त्या करताना चुकतो. दर दहा हजार नकलांत पाच-दहा तरी अशा निघतात की ज्यांची कात्री मोडलेली असते किंवा बोथट असते. अशा विषाणूत पाकीट उघडतच नाही. म्हणजे औषध सुरू होण्याआधीच थोडे रेझिस्टंट विषाणू प्रत्येक पुळीत असतात, तुमच्या ओठावरही. रेझिस्टंट हर्पिस सापडतो त्यातल्या सुमारे ९५ टक्के वेळा कारण हेच, कात्रीचा बिघाड. उरलेल्यांत साखळी ओवणारं विकर बदललेलं असतं.

मग तुमची पुळी आठ-दहा दिवसांत जाते आणि त्याची जखम तीन आठवडे वाढते, असं का? कारण तुमच्या पांढऱ्या पेशी ओठावरच्या त्या पाच-दहा विषाणूंना संपवून टाकतात. औषध बहुतेकांना आवरतं, उरलेल्यांना शरीर आवरतं. भावाच्या शरीरात हे दुसरं सैन्यच सध्या जागेवर नाही. जुनी मॅरो औषधांनी संपवली, थोरल्या भावाची नवी अजून रुजते आहे, आणि ती त्याच्याच अंगावर उलटू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत. अशा वेळी औषध साध्या विषाणूंना मारतं, रेझिस्टंट तेवढे मागे राहतात, आणि त्यांना अडवायला कुणीच नसतं. म्हणून प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास, आणि दुसऱ्याची मॅरो घेतलेल्यांत काही ठिकाणी ३० टक्क्यांपर्यंत गेलेलं दिसतं. तो तुमच्या घरी कधी राहिलाच नसता, तरी हे होऊ शकलं असतं.

बाबांच्या बोलण्यात तथ्य आहे. ज्याने बागेत डावनी आणि भुरीशी आयुष्यभर झुंज दिली त्याला रेझिस्टन्स कुठल्याही शिकलेल्यापेक्षा लवकर कळतो. एकाच गटाचं बुरशीनाशक लागोपाठ मारलं की वाचलेली बुरशीच पुढे माजते, हे अगदी खरं, आणि भावाच्या तोंडात नेमकं तेच झालं. डॉक्टरांनी केलं तेही बागाईतदार करतो तेच, गट बदलला. पण एका ठिकाणी बाग आणि माणूस वेगळे होतात, आणि तुमची सगळी टोचणी त्याच ठिकाणी आहे. बागेत न मरणारी डावनी वाऱ्यावर शेजारच्या प्लॉटमध्ये जाते, तिथल्या वेलींवरही तशीच माजते. हा विषाणू तसा पसरत नाही. कात्री मोडलेला हर्पिस लंगडा असतो. मज्जातंतूच्या झोपलेल्या पेशीतून जागं व्हायला त्याला तीच कात्री लागते. म्हणून तो उघड्या जखमेत माजतो खरा, पण गाठीतून उठून परत यायला कमी पडतो. रेझिस्टंट विषाणू एकाकडून दुसऱ्याला गेल्याचे दाखले फार थोडे आहेत. सुदृढ माणसाच्या ओठावरून असा विषाणू येऊन ट्रान्सप्लांटच्या रुग्णात जखम करेल, ही शक्यता मी धरतच नाही.

या लंगडेपणाचा तुम्हाला दिलासाही आहे. ही जखम बरी झाल्यावर पुढे कधी पुन्हा हर्पिस उठला, तर तो बहुतेक वेळा मूळ साठ्यातला, अ‍ॅसायक्लोव्हिरला दाद देणारा असतो. म्हणून जखम भरल्यावर डॉक्टर पुन्हा तीच जुनी गोळी रोज घ्यायला सांगतील, तेव्हा घरात कुणी ‘ती तर फेल गेली ना?’ म्हणून बंद करायला लावू नये. ट्रान्सप्लांटनंतर ही प्रतिबंधक गोळी दीर्घकाळ, न चुकवता दिली तर रेझिस्टंट हर्पिसही कमी होतो, असं दिसून आलेलं आहे. धोका असतो तो मध्येच सोडलेल्या, अर्ध्या डोसाच्या औषधाचा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना एक विचारा : जखमेवरून पुसून नमुना घेतला का, आणि पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणू ओळखायच्या तपासणीत, काय आलं? ट्रान्सप्लांटच्या रुग्णाच्या तोंडात बुरशीची जखम असू शकते, केमोची असू शकते, सायटोमेगालो नावाच्या दुसऱ्या विषाणूचीही असू शकते, आणि कधीकधी दोन एकत्र असतात. रेझिस्टन्सची थेट तपासणी सगळीकडे होत नाही, निकालालाही वेळ लागतो. म्हणून पूर्ण डोस आठ-दहा दिवस देऊनही जखम हलत नसेल तर डॉक्टर त्या अंदाजावर औषध बदलतात. ते योग्यच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी विचारा.

आता फॉस्कारनेटबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवं. या औषधाला विषाणूची कात्री लागतच नाही. ते थेट साखळी ओवणाऱ्या विकराला जाऊन अडकतं, म्हणून इथे चालतं. त्याची किंमत मूत्रपिंडं मोजतात. त्याला प्रतिकारशक्ती दाबायच्या ज्या गोळ्या चालू असतील त्यांतल्या काहींचाही मूत्रपिंडावरच भार असतो. म्हणून आधी सलाईन देतात, औषध हळूहळू सोडतात, रक्तातलं क्रिएटिनिन वारंवार बघतात. लघवीचं माप लिहायला सांगितलं असेल तर कंटाळा न करता लिहा. अंगदुखीला घरातली डायक्लोफेनॅकसारखी गोळी चुकूनही देऊ नका.

दुसरं, हे औषध रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम खाली आणतं. मी निवासी डॉक्टर असताना असाच एक तरुण रुग्ण होता. ड्रिप सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली आणि त्याने माझी बाही धरली. म्हणाला, ‘मॅडम, ओठाभोवती मुंग्या येताहेत, परत हर्पिस उठतोय.’ डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. तो हर्पिस नव्हता, कॅल्शियम उतरलं होतं. ड्रिपचा वेग कमी केला, कॅल्शियम दिलं आणि मुंग्या गेल्या. तुमच्या ओठाला पुळी येण्याआधी अशाच मुंग्या येत असतील, तेव्हा तुम्हालाही तसंच वाटेल. त्याने मुंग्या, बोटं आखडणं, छातीत धडधड असं काही म्हटलं तर ‘होतं असं’ म्हणू नका, लगेच नर्सला बोलवा. आणखी एक, लाजून राहून जाणारी गोष्ट. हे औषध लघवीतून बाहेर पडतं आणि लघवीच्या जागी त्याने जखमा होऊ शकतात. दर वेळी लघवीनंतर पाण्याने धुऊन जागा कोरडी करायची. बहिणीला सांगायला संकोच वाटत असेल तर थोरल्या भावाकडून सांगा, पण सांगा.

फॉस्कारनेटही चाललं नाही तर? सिडोफोव्हिर आहे, तेही कात्रीशिवाय चालतं, तेही मूत्रपिंडाला जड आहे. विषाणूचं डीएनए उलगडणाऱ्या वेगळ्याच विकराला पकडणारी नवी औषधंही आली आहेत. त्यातलं अमेनामेव्हिर जपानमध्ये २०१७ साली नागिणीसाठी मंजूर झालं, आणि प्रिटेलिव्हिर खास अशाच, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांत तपासलं गेलं आहे. पण खरा इलाज थोरल्या भावाने दिलेली ती मॅरो आहे. ती रुजली, प्रतिकारशक्ती दाबायची औषधं डॉक्टरांना कमी करता आली, की नव्या पेशी हे काम हातात घेतात. ती औषधं कमी करायचा निर्णय फक्त त्यांचा. आपण घरी एक गोळीसुद्धा मागेपुढे करायची नाही.

नागिणीचं नाव निघालं म्हणून सांगते. गावाकडे कुणीतरी ही नागीण आहे, उतरवून घ्या, गेरू लावा, असं सुचवेलच. नागीण वेगळ्या विषाणूची, कांजिण्यांच्या. हा तो नव्हे. आणि दोन्हींपैकी काहीही असो, पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाच्या उघड्या जखमेला गेरू, हळद, राख यातलं काही लागता कामा नये. गुळवेलीचा काढाही नको. मायेने सुचवणाऱ्यांशी भांडत बसू नका. ‘डॉक्टरांनी मना केलंय’ एवढं पुरतं.

तो घरी आल्यावर तुम्ही त्याच्याजवळ जायचंच आहे. तुमच्या ओठावर काही नसेल तेव्हा नेहमीसारखं जा, साबणाने हात धुऊन, ट्रान्सप्लांटवाल्यांनी मास्क सांगितला असेल तर तो लावून. ओठाला मुंग्या सुरू झाल्या की त्या क्षणापासून खपली गळून कातडी कोरी होईपर्यंत त्याचं जेवण आणि तोंडाची स्वच्छता दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. टॉवेल, चमचा, पेला एकत्र नको, पुळीला हात लावून तो डोळ्याला नको. ही काळजी तुमच्यातला विषाणू रेझिस्टंट आहे म्हणून नाही. भाऊ नाजूक अवस्थेत आहे म्हणून.

तुमच्या ओठाचंही बघू. मलमाचा उपयोग बेताचाच असतो, फार तर एखादा दिवस वाचतो. वर्षातून दोन-तीनदा येत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडून व्हॅलॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या लिहून घेऊन घरात ठेवा. पहिल्या मुंग्यांना, पुळी दिसायच्या आधी घेतल्या तरच त्यांचा खरा गुण येतो. पुढे तो घरी असेल त्या महिन्यांत पुळ्या येऊच नयेत म्हणून रोजची छोटी गोळी चालू करता येईल का, तेही विचारा. मार्च-एप्रिलच्या उन्हात बागेत जाताना ओठाला सनस्क्रीन असलेला बाम लावा, स्कार्फ घ्या. ऊन हे या पुळ्यांचं मोठं कारण असतं.

आणि तो पेला. हर्पिसच्या विषाणूवर तेलकट आवरण असतं, भांड्यांच्या साबणाने ते फाटतं आणि विषाणू तिथेच संपतो. घासलेल्या पेल्यात तो उरत नाही. दोरा सोडा. पण त्याआधी थोरल्या भावाला किंवा घरच्या माणसांना, ज्यांच्याशी बोलता येईल त्यांना, मला लिहिलंत ते सांगा. बाबांना तर नक्की सांगा. त्यांच्या डावनीच्या बोलण्याने मुलगी किती रात्री जागी आहे, हे त्यांना ठाऊक नसणार.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की बाबांना यंदाच्या पहिल्या तोडीची पेटी मुंबईला न्यायची आहे. ताजी द्राक्षं त्याला सध्या नकोत. पातळ सालीच्या फळावरची बुरशी आणि जंतू धुऊनही पुरते जात नाहीत. जखमा आहेत तोवर गार केलेली मऊ पेज, ताजं शिजवलेलं, बिनतिखटाचं, हेच न्या. पेटी मुंबईला नेण्याआधी ट्रान्सप्लांटच्या आहारतज्ज्ञांना फोन करून विचारा, त्या कुठल्या महिन्यात परवानगी देतील. तो महिना बाबांना सांगा, म्हणजे त्या वेळी जिथली बाग उशिरा येते तिथून ते शोधून आणतील.